पोळ्यांच्या चळतीवर वाढलेल्यांनी घड्या कुठे शिकाव्यात?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की दोन प्रकारचे फोन येतात. पहिला पुण्या-नाशिककडून: "बीएस्सी जिऑलॉजी होतंय, स्ट्रक्चर आवडतं, एमएस्सी कुठे करू?" दुसरा क्वचित येतो, पण येतो. तो झाशी-ग्वाल्हेरकडच्या एखाद्या मराठी घरातून, जे मराठ्यांचे झाशीचे सुभेदार नारोशंकर किंवा नंतरचे नेवाळकर यांच्या काळात तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. "मुलीला भूगर्भशास्त्र घ्यायचंय. पुण्याला पाठवू ना?" दोघांचा समज एकच असतो: आपल्या गावात जे आहे ते कमी, दुसऱ्याच्या गावात जे आहे ते जास्त.

स्ट्रक्चरल जिऑलॉजी, म्हणजे खडक कसे वाकले, तुटले, सरकले याचा अभ्यास, यापुरतं बोलायचं तर पहिल्या फोनवाल्याचं थोडं बरोबर आहे आणि दुसऱ्याचं बरंच चुकतंय. या विषयात विद्यापीठाच्या नावाआधी त्याच्या आसपास कोणता दगड आहे ते बघावं लागतं. तुम्हीही याच विचारात असाल, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पुढचं वाचा.

आधी पायाखालचा दगड बघा

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टखाली आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर एकावर एक, पोळ्यांची चळत ठेवावी तसे. ते बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवेच राहिले. सह्याद्रीत हिंडून तुम्हाला डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या पट्ट्या, दिसतील, सांधे दिसतील, पण घडी, म्हणजे फोल्ड, बघायला मिळणं कठीण. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं फोल्डचे अठरा प्रकार पाठ करून परीक्षा देतात आणि प्रत्यक्ष फोल्ड पहिल्यांदा बघतात ती परराज्यातल्या सहलीत, बसमधून उतरून अर्धा तास.

याला अपवाद आहेत आणि ते घराजवळ आहेत. पनवेलजवळ बेसाल्टचे थर पश्चिमेकडे झुकलेत, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर जमिनीखालच्या भंगांचा अभ्यास आजतागायत चालू आहे, आणि कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. सिंधुदुर्गात जुने धारवाडी खडक आहेत. आणि सगळ्यांत भारी म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं देवलापार. रामटेकच्या पुढे तिथे डब्ल्यू. डी. वेस्ट या भूशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात खडकांची मोठी आडवी पडलेली आणि सरकलेली घडी, म्हणजे नॅप, नकाशावर आणली. हेच वेस्ट पुढे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर सागरच्या विद्यापीठात त्यांनी भूगर्भशास्त्र विभाग उभा केला. विदर्भातल्या मुलांनी "आमच्याकडे काय आहे?" असं विचारलं की मला खरंच हसू येतं.

आता झाशी. किल्ला ज्या टेकडीवर आहे तो ग्रॅनाइट. शहर ज्यावर बसलंय तो बुंदेलखंड क्रॅटन, म्हणजे भूकवचाचा फार जुना, टणक तुकडा. त्यातले सगळ्यांत जुने नाइस सुमारे ३५० कोटी वर्षांचे आणि ग्रॅनाइटचा मोठा भाग सुमारे २५० कोटी वर्षांचा. बबीना, मऊरानीपूर, महोबा अशा पूर्व-पश्चिम पट्ट्यात हे खडक रगडले गेलेत. त्या पट्ट्यात शिअर झोन आहेत, घड्या पडलेले लोहपट्टित खडक आहेत. त्यांना छेदत ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने पांढऱ्या क्वार्ट्‌झच्या लांबच लांब भिंती उभ्या आहेत. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतींच्या आधाराने तळी बांधत आले. आणि वायव्य-आग्नेय दिशेने गेलेले काळे डाइक आहेत. भिंत आधीची की डाइक, हे पुस्तकात शोधू नका. कोण कोणाला छेदतंय ते जागेवर जाऊन बघा. विषयाची निम्मी तालीम त्यातच होते.

झाशीकडून येणाऱ्या त्या फोनवर मी हेच सांगतो, की तुमच्या मुलीला रिक्षाने जे बघता येईल ते बघायला पुण्याच्या मुलांना झेलम एक्सप्रेस पकडावी लागते.

"झाशीला" म्हणजे नेमकं कुठे?

इथे नावांचा गोंधळ होतो. झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ आहे. ते १९७५ साली स्थापन झालेलं उत्तर प्रदेशचं राज्य विद्यापीठ, आणि भूगर्भशास्त्र तिथे आहे. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं केंद्रीय विद्यापीठही झाशीतच आहे, पण ते कृषी विद्यापीठ. "झाशी, केंद्रीय, राणीचं नाव" एवढं बघून अर्ज करायला निघालेला एक पालक मला भेटला आहे. बुंदेलखंडाच्या खडकांवर काम करायचं तर झाशीच हवी असंही नाही, आणि स्ट्रक्चरसाठी बुंदेलखंडच हवं असंही नाही:

- सागर: डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ. २००९ पासून केंद्रीय. वेस्ट यांनी घडवलेला विभाग इथलाच.
- ग्वाल्हेर: जिवाजी विद्यापीठ. मराठी घरांना ओळखीचं गाव, झाशीहून गाडीने दीड-दोन तास.
- आयआयटी: मुंबई, खडगपूर, रुडकी, धनबाद. दगड लांब असला तरी प्रयोगशाळा आणि सहलींचं बजेट चांगलं.
- महाराष्ट्र आणि गोवा: पुणे, नागपूर, अमरावती, सोलापूर, नांदेड आणि गोवा विद्यापीठ. स्ट्रक्चरसाठी यातलं एक निवडायचं तर मी नागपूरकडे झुकेन, कारण देवलापार हाकेच्या अंतरावर आहे.

प्रवेशाआधी विभागात जाऊन काय विचाराल?

वेबसाइटवरचे फोटो सोडा. विभागात जा, किंवा दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा, आणि एवढं विचारा:

१. दोन वर्षांत फील्डवर किती दिवस? सहल नव्हे, मॅपिंग. एका जागी मुक्काम करून स्वतः नकाशा काढण्याचे दिवस.
२. कंपास किती आणि मुलं किती? चार मुलांत एक असेल तर तिघं वहीत नक्कल उतरवतात.
३. खडकाच्या पातळ चकत्या, म्हणजे थिन सेक्शन, कापणारं यंत्र चालू आहे का? "आहे" हे उत्तर पुरेसं नाही. "गेल्या वर्षी किती चकत्या काढल्या?" असं विचारा.
४. स्ट्रक्चर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची जागा भरलेली आहे की तासिका तत्त्वावर?
५. प्रबंधासाठी स्वतःचा भाग निवडता येतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पंधरा दिवसांहून कमी आलं तर मी दुसरीकडे बघेन. हा माझा हट्ट समजा, नियम नव्हे.

प्रवेशाचे रस्ते, आणि कुठे ठेच लागते

आयआयटींसाठी जॅम ही परीक्षा, त्यात जिऑलॉजीचा पेपर. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. राज्य विद्यापीठांची प्रक्रिया आपापली, तिथे त्या वर्षीचं माहितीपत्रकच खरं.

- भूगोल आणि भूगर्भशास्त्र वेगळे. बीए किंवा बीएस्सी भूगोलावर एमएस्सी जिऑलॉजीला बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही. बीएस्सीला जिऑलॉजी विषय असावा लागतो. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.
- गणित सोडू नका. काही संस्था बारावीला किंवा पदवीला गणित मागतात. नाही मागितलं तरी या विषयात त्रिकोणमितीशिवाय पान हलत नाही.
- पदवीचं नाव तपासा. जिऑलॉजिकल सर्व्हेत जायचं असेल तर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. तिच्या जाहिरातीत कोणत्या नावांच्या पदव्युत्तर पदव्या चालतात याची यादी असते. आकर्षक नावाचा नवा अभ्यासक्रम त्या यादीत नसेल तर दोन वर्षांनी डोक्याला हात लावाल. मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये स्ट्रक्चरल जिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे इथली मेहनत तिथे कामी येते.
- जातीचा दाखला. उत्तर प्रदेशच्या राज्य विद्यापीठात राज्याचं आरक्षण तिथल्या रहिवाशांसाठी असतं. महाराष्ट्राचा दाखला घेऊन गेलात तर खुल्या गटात धरलं जाण्याची तयारी ठेवा. केंद्रीय संस्थांत ओबीसींसाठी केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तहसीलमधून तो वेगळा काढावा लागतो, आणि जूनमध्ये तिथे रांग असते.

झाशीतच वाढलेल्या मराठी मुलांसाठी हे शेवटचं उलट्या बाजूने लागू आहे. पुण्याला आलात तर तिथे तुम्ही परराज्यातले. मातृभाषा मराठी असल्याचा अधिवासाशी संबंध नाही, कागद उत्तर प्रदेशचाच धरतात.

कंपास हातात आल्यावर

इथे थोडं रेंगाळतो, कारण बहुतेकांची पहिली दोन वर्षं इथेच वाया जातात.

तिरक्या पृष्ठावर आडवी रेषा काढली तर तिची दिशा म्हणजे स्ट्राइक. विश्वकोशात तिला नतिलंब म्हटलंय, वर्गात मात्र सगळे स्ट्राइकच म्हणतात. त्या रेषेशी काटकोनात पृष्ठ किती अंशांनी खाली उतरतं ते डिप, म्हणजे नती. पाणी ओतलंत तर ज्या बाजूला ओघळ जाईल ती डिपची दिशा. दगडावर खरंच पाणी ओता, लाजू नका.

विद्यार्थी असताना मी दिवसभर क्वार्ट्‌झच्या एका भिंतीलगत चाललो आणि वहीत ओळीने लिहीत गेलो: ०४५/७०, ०४५/६५, ०५०/७२. रात्री धर्मशाळेत दिव्याखाली नकाशावर खुणा करायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की सत्तर अंश कोणीकडे ते लिहिलंच नाही. आग्नेयेला की वायव्येला? ०४५ स्ट्राइकचं पृष्ठ दोन्हीकडे उतरू शकतं. दुसऱ्या दिवशी तीच भिंत पुन्हा, उलट्या बाजूने. तेव्हापासून उजव्या हाताचा नियम सोडला नाही. स्ट्राइकच्या ज्या दिशेकडे तोंड केल्यावर उतार उजव्या हाताला येतो, तीच दिशा लिहायची. आग्नेयेला उतरणारं पृष्ठ ०४५/७०, वायव्येला उतरणारं २२५/७०. तरीही शेवटी 'आग्नेय' असं लिहाच. तीन अक्षरांनी पायपीट वाचते.

इतर काही गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही:

- खडक खडबडीत असेल तर कंपास थेट टेकवू नका. फील्डची वही पृष्ठावर ठेवा, कंपास वहीवर. पण वहीला लोखंडी क्लिप नको.
- मोबाइलमधला कंपास सोयीचा आहे, पण कव्हरला चुंबक असेल तर तो काहीही दाखवतो. सकाळी पहिल्याच जागी साध्या कंपासशी ताडून बघा. मोटारसायकलला टेकून रीडिंग घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.
- लोहपट्टित खडकात मॅग्नेटाइट असतं, सुई भरकटते. दोन जागांवरून एकमेकींकडे नेम धरून दिशा घ्या. दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक आला नाही तर समजा सुईला दगड ओढतोय. मग लांब उभं राहून रेषेत बघूनच मोजायचं.
- ग्रॅनाइटच्या टेकडीवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सालं सुटलेली दिसतील. बेसाल्टच्या थरांची सवय झालेली आपली मुलं त्यालाही 'थर' लिहितात. ते थर नव्हेत. वरचा भार हलका झाल्यावर फुटलेले सांधे आहेत ते, आणि ते टेकडीच्या उताराबरोबर वळतात.

आता शिअर झोन. रगडल्या गेलेल्या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पारचे मोठे दाणे डोळ्यांसारखे राहतात आणि दोन्ही टोकांना बारीक कणांच्या शेपट्या सुटतात. एक शेपूट वरच्या अंगाने एकीकडे, दुसरी खालच्या अंगाने दुसरीकडे. त्यावरून वरचा भाग कोणत्या बाजूला सरकला ते सांगता येतं. गोम अशी की हे कोणत्याही तोंडावर बघून चालत नाही. खडकातल्या पानांसारख्या पट्ट्यांना काटकोनात, पण ताणलेल्या रेघांना समांतर, असंच तोंड निवडावं लागतं. आडव्या तोंडावर तेच डोळे गोल आणि बिनशेपटीचे दिसतात, आणि माणूस लिहितो, 'हालचालीचा पुरावा नाही'. नदीपात्रात पाण्याने घासून गुळगुळीत झालेला दगड असेल तर त्याच्याभोवती फिरा, तिन्ही तोंडं बघा, बाटलीतलं पाणी ओतून बघा. ओल्या दगडात पट्ट्या उठून दिसतात.

संध्याकाळी स्टिरिओनेटवर बिंदू टाकायचे. ट्रेसिंग पेपर, टाचणी आणि छापील जाळी, एवढ्यावर सुरुवातीचे शंभर बिंदू हाताने टाका. त्यानंतर संगणकावरचं फुकट सॉफ्टवेअर खुशाल वापरा. उलट क्रमाने गेलात तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

कुठे जाता येतं, कुठे नाही

झाशीजवळ छावण्या, स्मारकं आणि जंगल एकमेकांना लागून आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

- बबीना: इथे लष्कराची मोठी छावणी आणि गोळीबाराचं मैदान आहे. नकाशा, कंपास आणि कॅमेरा घेऊन फिरणारा अनोळखी मुलगा कसा दिसेल याचा विचार करा. विभागाचं पत्र आणि स्थानिक परवानगी असल्याशिवाय पाऊल टाकू नका.
- झाशीचा किल्ला: संरक्षित स्मारक. बघा, मोजा, रेखाटा, पण हातोडी पिशवीतच राहू द्या.
- ओरछा: बेतवेच्या पात्रात खडक छान उघडे आहेत, पण लागूनच अभयारण्य आहे. वनखात्याला विचारा. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडतात तेव्हा पात्रात उतरू नका.
- दगडाच्या खाणी: ताजा कापलेला दगड इथेच मिळतो. मालकाला विचारा, सुरुंगाची वेळ विचारा, हेल्मेट घाला, कड्याखाली उभे राहू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात झाशीत पारा ४५ च्या पुढे जातो आणि दगड हाताला चटका देतो.

नकाशांसाठी पैसे घालवू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या क्रमांकाने झाशी ५४ के/११ मध्ये येते. खडकांचे नकाशे जिऑलॉजिकल सर्व्हेच्या 'भूकोश'वर मिळतात.

तुमचे हक्क

- प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचे यूजीसीचे नियम आहेत. जितका लवकर अर्ज तितका मोठा परतावा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले ताब्यात ठेवून घेण्याचा अधिकार संस्थेला नाही. तपासून त्याच वेळी परत द्यायला हवेत.
- फील्ड म्हणजेही कॅम्पस. लैंगिक छळाविरुद्धच्या यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत सहली, अभ्यासदौरे, शिबिरं आणि प्रवासाची वाहनंसुद्धा धरली आहेत. "ते बाहेर घडलं" असं म्हणून कोणी हात झटकू शकत नाही. तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, साधारण तीन महिन्यांच्या आत करायची. मुलींनी निघण्याआधी मुक्काम कुठे, सोबत शिक्षिका कोण, स्वच्छतागृहाचं काय, हे बिनदिक्कत विचारावं. हा आगाऊपणा नव्हे.
- अपंग विद्यार्थ्यांना २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा आणि वाजवी सोयी मिळतात. चढता येत नसेल म्हणून विषय नाकारता येत नाही. रस्त्याकडेचे छेद, खाणीची तोंडं आणि सूक्ष्मदर्शकावरही उत्तम स्ट्रक्चर करता येतं.
- गुणांबद्दल शंका असेल तर माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते.

कोणती पुस्तकं?

सुरुवातीला बिलिंग्ज पुरे. जुनं आहे, पण त्यातली गणितं सोडवलीत तर हात बसतो. मग जादवपूरच्या एस. के. घोष यांचं. भारतीय खडकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने लिहिलेलं असल्यामुळे ते मला अधिक जवळचं वाटतं. चित्रं आवडत असतील तर फॉसेन. रॅमसे आणि ह्यूबर ग्रंथालयातच बसून वाचा, विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

नमुना फोडण्यापूर्वी

दगड सुटण्याआधी त्याच्या एका पृष्ठावर मार्करने स्ट्राइकची रेघ, डिपचा बाण आणि क्रमांक काढा. फोडल्यानंतर दिशा परत येत नाही, आणि दिशाहीन नमुन्याची चकती कितीही सुंदर असली तरी स्ट्रक्चरला निरुपयोगी. तोच क्रमांक वहीत, तोच पिशवीवर. परतीच्या गाडीत पिशवी बर्थखाली सरकवा, वर ठेवू नका. आणि घरी पोचल्याबरोबर तिच्यावर ठळक मराठीत 'फेकू नये' असं लिहा. माझे सहा नमुने आईने तुळशीच्या कट्ट्याला लावले, ते अजून तिथेच आहेत.